भिंतीवर विणलेलं चित्र

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त सभागृहात दिलेले भाषण)



या हॉलमध्ये आवाज किती घुमतो, हे पंचवीस वर्षांच्या जनरल बॉडी मीटिंगांनी आपल्याला शिकवलंय. म्हणून सावकाश बोलते. आजच्या विषयाचा त्या घुमण्याशीही संबंध आहे. विषय आहे टॅपेस्ट्री.

आपल्याकडे दुकानात ‘टॅपेस्ट्री दाखवा’ म्हटलं, की सोफ्याचं जाड कापड पुढे येतं. खरी टॅपेस्ट्री म्हणजे हाताने विणलेलं चित्र. साध्या कापडात आडवा धागा, म्हणजे बाणा, या काठापासून त्या काठापर्यंत जातो. टॅपेस्ट्रीत प्रत्येक रंगाचा बाणा आपल्या ठिपक्यापुरताच जातो आणि तिथूनच मागे वळतो. ताणा पूर्ण झाकला जातो. म्हणजे कापडावर चित्र काढलेलं नसतं, कापडच चित्र असतं. बायकांना हे पटकन कळेल, कारण पैठणीचा पदर याच रीतीने विणतात. मोराच्या प्रत्येक रंगाला वेगळी कांडी. पदर उलटा करून बघतात तो उगाच नाही! (फ्रान्समधली बायोची ‘टॅपेस्ट्री’ जगप्रसिद्ध आहे, जवळजवळ 70 मीटर लांब, पण ते भरतकाम आहे, विणकाम नाही. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.)

युरोपातले किल्ले दगडी आणि थंडगार. राजे-सरदार एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात हलत, तेव्हा टॅपेस्ट्र्या गुंडाळून गाडीवर चढवत आणि नव्या जागी टांगत. ऊब मिळे, दालनाचे भाग पाडता येत आणि श्रीमंतीही दिसे. तेव्हा रंगवलेल्या चित्रापेक्षा हे कितीतरी महाग होतं. पोप दहाव्या लिओने 1515 च्या सुमारास सिस्टीन चॅपेलसाठी राफाएलकडून पूर्ण मापाची चित्रं करून घेतली आणि ती ब्रुसेल्सला विणायला पाठवली. खर्चाचा मोठा वाटा विणकामाचा होता, राफाएलचा नव्हे. अशा नमुनाचित्राला ‘कार्टून’ म्हणत. मुलांनो, तुमचा शब्द तिथून आलाय. विणकर मागच्या बाजूने काम करत, त्यामुळे विणलेलं चित्र कार्टूनच्या उलट दिसे. त्यातली सात कार्टून आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

आता फ्रान्समधल्या आंजे गावची गोष्ट सांगते. आंजूचा ड्यूक पहिला लुई याने 1370 च्या दशकात बायबलातल्या प्रलयकथेची टॅपेस्ट्री करवून घेतली. आज उरलेलीच सुमारे 100 मीटर आहे. पुढे ती तिथल्या कॅथेड्रलला मिळाली. मग आवड बदलली, फ्रेंच राज्यक्रांती झाली, आणि या वस्तूचे अक्षरशः तुकडे झाले. कोणी संत्र्याची झाडं थंडीत झाकायला नेले, कोणी घोड्यांच्या तबेल्यात लावले, कोणी पायपुसणी केली. एकोणिसाव्या शतकात त्याच कॅथेड्रलच्या एका धर्मगुरूने चिकाटीने तुकडे गोळा करून जोडले.

दरम्यान पॅरिसला 1662 मध्ये राजाश्रयाने गोबलँचा मोठा कारखाना सुरू झाला. कामाची सफाई विलक्षण. पण पुढे पुढे तैलचित्राची हुबेहूब नक्कल करण्यासाठी हजारो छटा वापरू लागले, आणि मला वाटतं तिथे गंमत गेली. 1937-38 मध्ये झाँ ल्युर्सा हा चित्रकार आंजेला गेला. मोजके रंग आणि जाडसर वीण यांचा जोर त्याने पाहिला आणि ओब्यूसाँ गावच्या विणकरांबरोबर ही कला पुन्हा उभी केली. पायपुसणी झालेल्या त्याच टॅपेस्ट्रीवरून!

आणि आपला देश? चंदीगडचं हायकोर्ट काँक्रीटचं, आवाज घुमणारा. ल कॉर्बुझिए यांनी कोर्टरूमसाठी नऊ टॅपेस्ट्र्यांची चित्रं केली आणि त्या काश्मीरमध्ये विणून घेतल्या. आठ प्रत्येकी 64 चौरस मीटरच्या, एक 144 ची. काही न्यायमूर्तींना नक्षी आवडली नाही, पण आवाज शोषण्याचा उद्देश पक्का होता.

आता आपल्या हॉलची मागची कोरी भिंत बघा. कमिटीसमोर सध्या फक्त ऑइल पेंटचं कोटेशन आहे. गुळगुळीत रंगाने घुमणं कमी होणार नाही. जाड विणलेलं काहीही, अगदी सोलापूरचं वॉल हँगिंगसुद्धा, थोडा फरक पाडेल. हाताच्या टॅपेस्ट्रीशी त्याची तुलना नको, पण खिशाला परवडतं. पुढच्या मीटिंगला कोणीतरी हा विषय मांडावा. मी अनुमोदन देईन.

आणि ज्यांच्या घरी फ्लॅटचं रिनोव्हेशन काढलंय त्यांना एक विनंती. माळ्यावरच्या जुन्या सतरंज्या, आजीच्या पैठण्या भंगारात किंवा भांडीवालीकडे देण्याआधी एकदा उलगडून, उलटून बघा. आंजेच्या टॅपेस्ट्रीची मागची बाजू प्रकाशापासून वाचली, म्हणून तिथले रंग अजून ताजे आहेत. जुन्या टॅपेस्ट्र्यांतली झाडं निळी दिसतात, कारण हिरव्यातला पिवळा रंग आधी उडतो. तेव्हा लावायचीच असेल तर पश्चिमेच्या खिडकीसमोर लावू नका. खिळे ठोकू नका. मागे वरच्या काठाला सुती पट्टी शिवून त्यात दांडा घाला, म्हणजे वजन सारखं विभागतं. ठेवायची असेल तर घडी घालू नका, घडीवर धागा तुटतो. सुती कापडात गुंडाळी करून ठेवा, आणि पावसाळा संपला की कसर लागली नाही ना, ते बघा.