दुखऱ्या सांध्याचे अंतरंग



रात्री माणूस धडधाकट निजतो आणि पहाटे त्याच्या पायाचा अंगठा असा ठणकू लागतो, की अंगावरची चादरही सोसवत नाही. या विकाराला डॉक्टर गाऊट म्हणतात. आपल्या वैद्यांचे वातरक्त त्याच्या बरेच जवळचे. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये यूरिक अ‍ॅसिड सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर राहू लागले, म्हणजे ते विरघळलेले राहू शकत नाही. त्याच्या क्षाराचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात.

साध्या क्ष-किरण चित्रात हे पहिली कित्येक वर्षे दिसत नाही. हाडाला खाच पडली म्हणजे दिसते; पण तोवर चोर घर धुऊन गेलेला असतो! म्हणून रोगी विचारतो, "डॉक्टरसाहेब, एमआरआयच काढू या का?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र सरळ नाही.

हे यंत्र म्हणजे मोठे लोहचुंबक. दीड टेस्लाचे यंत्र घेतले, तर त्याचा जोर पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट असतो. शरीरातील पाण्यात आणि चरबीत असलेल्या हायड्रोजनच्या अणूंना रेडिओलहरींनी डिवचले, की ते पूर्वस्थितीला येताना संदेश देतात आणि त्यावरून चित्र उभे राहते. पॉल लॉटरबर यांनी ही वाट १९७३ साली दाखविली. पीटर मॅन्सफील्ड यांच्यासह त्यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता गंमत पाहा. संदेश मिळतो तो मुख्यतः पाण्याचा व चरबीचा. घट्ट स्फटिक जवळजवळ मुकाच राहतो! म्हणजे सांध्याचे सुजलेले अस्तर, त्यात भरलेले पाणी, हाडातील बारीकशी खाच, खडूसारख्या गाठीचा विस्तार, हे सारे एमआरआय उत्तम दाखवितो. पण ही गाठ यूरिक अ‍ॅसिडचीच, अशी साक्ष तो देत नाही. तशीच गाठ दुसऱ्या रोगाचीही असू शकते. ती साक्ष सांध्यातून सुईने काढलेला पाण्याचा एक थेंब देतो. ध्रुवीभूत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यात स्फटिक ओळखता येतात, हे मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी १९६१ साली दाखविले. दोन शक्तींच्या क्ष-किरणांचा सीटी स्कॅनही साठा ओळखतो, जरी कोवळा साठा त्याच्या नजरेतून निसटतो. इतक्या स्वस्त थेंबाला वगळून प्रथम महागड्या चित्राकडे धावणे मला पटत नाही.

मग एमआरआय केव्हा? मधुमेही माणसाचे पाऊल सुजले, गाठ फुटून पांढरे द्रव्य वाहू लागले, तर हा गाऊट की हाडात शिरलेला पू? पाऊल राखायचे की कापायचे, इथवर गोष्ट जाते. नुसत्या गाऊटमध्ये हाडाच्या मगजातील सूज बहुधा थोडी असते. ती दूरवर पसरलेली दिसली, तर जंतूंचा संशय धरावा. (दोन्ही एकत्रही नांदतात, हे विसरू नये.)

एक सावधगिरी. चित्र उजळावे म्हणून शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देतात. गाऊटच्या पुष्कळ रोग्यांची मूत्रपिंडे दुबळी असतात आणि ती फारच निकामी असतील, तर या औषधाच्या काही प्रकारांनी कातडी व आतील ऊती कडक होण्याचा विकार जडतो. तेव्हा मूत्रपिंडाची तपासणी आधी दाखवावी.

दुसरे ठिकाण पाठीच्या कण्याचे. तिथे सुई सहज पोचत नाही. मज्जारज्जूवर दाब आणणारी गाठ चित्रात दिसते, कर्करोगाची वा क्षयाची शंका येते आणि शस्त्रक्रियेत कधी कधी हाती येतो तो पांढरा खडू. अशा वेळी चित्र वाचणाऱ्याला रोग्याच्या अंगठ्याची जुनी हकिकत कोणी सांगितलेली असली, तर तो त्या गाठीकडे निराळ्या नजरेने पाहतो.