मत आपलं, खूण आपली

भोरच्या आणि वेल्ह्याच्या बचत गटांतल्या सगळ्या ताया, मावश्या, वहिनींसाठी हे चार शब्द. वेल्ह्याला सरकारने २०२४ मध्ये राजगड नाव मंजूर केलं, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच येतं, तेव्हा समजून घ्या.

आज निवडणुकीचं बोलायचं आहे. कोणाला मत द्या हे सांगायला आम्ही बसलेलो नाही, ते आमचं कामही नाही. पण पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तिथे प्रशासक आला. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, आता निवडणुका घ्या. निवडणूक लागली की पंचायत समिती, जिल्हा परिषद, सगळे उमेदवार पुन्हा दारात येतात. ते यायच्या आधी आपण चार गोष्टी बोलून घेऊ.

आपल्या भागाला कोणी आपल्या खिशातला समजू नये, हे आपण २०२४ मध्ये दाखवून दिलं. ७ मे ला लोकसभेचं मतदान झालं. बारामती मतदारसंघात सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार, नणंद-भावजय समोरासमोर. सुळे दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आल्या आणि त्यात एकट्या भोर विधानसभा भागाने सुमारे ४३ हजारांची आघाडी दिली. मग २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. तेव्हा याच भागाने उलटा कौल दिला. अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे शंकर मांडेकर १९ हजारांवर मतांनी जिंकले आणि २००९ पासून सलग तीनदा आमदार असलेले काँग्रेसचे संग्राम थोपटे हरले. सहा महिन्यांत वारं फिरलं. आणि हे पहिल्यांदा झालं असंही नाही. १९९९ मध्ये अनंतराव थोपट्यांसारख्या जुन्या जाणत्या आमदाराला काशिनाथ खुटवडांनी हरवलं होतं, ते आपल्यातल्या वयस्कर बायकांना आठवत असेल. पुढे एप्रिल २०२५ मध्ये संग्राम थोपटे भाजपमध्ये गेले. ज्या पक्षाचं नाव बघून आपण बटण दाबतो, तो पक्ष माणूस बदलू शकतो, हेही ध्यानात ठेवायचं.

अमेरिकेत काही राज्यांना काठावरची राज्यं म्हणतात. निकाल कुठे झुकेल सांगता येत नाही, म्हणून सगळे नेते तिथेच ठाण मांडतात. पेनसिल्व्हेनिया त्यातलं मोठं. आपल्या विधानसभेच्या पंधरा दिवस आधी, ५ नोव्हेंबर २०२४ ला तिथे मतदान झालं आणि ट्रम्प साधारण सव्वा लाख मतांनी पुढे राहिले. आपल्या बारामतीतला फरक त्याहून मोठा होता! सांगायचं काय, तर काठावरच्या मतदाराला भाव असतो. तिथल्या लोकांना तो कळतो आणि ते रस्त्याचं, कारखान्याचं, दवाखान्याचं विचारून घेतात. आपण काय विचारलं?

खरं सांगायचं तर त्या मे महिन्यात आपण नात्याचीच चर्चा जास्त केली. नणंद बरोबर का भावजय, सासरची खरी का माहेरची. चुलीपाशी तेच, पाणवठ्यावर तेच. दोन बायका समोरासमोर उभ्या, एवढी मोठी लढत, आणि पाण्याचं कोणी काढलं नाही. वेल्ह्यात पानशेत, वरसगाव, गुंजवणी ही धरणं. भोरमध्ये भाटघर आणि नीरा देवघर. पुणे शहर आपलं पाणी पितं, खाली बारामती-फलटणकडचा ऊस आपल्या पाण्यावर उभा राहतो. आणि एप्रिल-मे लागला की डोंगरातल्या वाड्यांवर बाई हंडा घेऊन टँकरची वाट बघते. हा प्रश्न आमदाराला विचारायचा, खासदाराला विचारायचा आणि जिल्हा परिषदेच्या उमेदवाराला तर आधी विचारायचा, कारण गावच्या पाणी योजनांचं बरंचसं काम जिल्हा परिषदेतूनच होतं.

आता चिन्हाचं. याकडे नीट लक्ष द्या, कारण यात आपली माणसं फसतात. लोकसभेला शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. काही ठिकाणी अपक्षांना नुसतं वाद्य मिळालं, ज्याला लोक पिपाणी म्हणायला लागले. नीरेपलीकडे साताऱ्यात उदयनराजे भोसले ३२ हजारांवर मतांनी जिंकले आणि पिपाणीवाल्या अपक्षाला मिळाली ३७ हजार मतं. ती सगळी चुकून पडली असं कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. पण आकडे बघितले की काळजात धस्स होतं. म्हणून नुसतं चित्र पाठ करू नका. मशीनवर उमेदवाराचं नाव असतं, फोटो असतो, चिन्ह असतं. वाचता येत नसेल तर फोटो बघा. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्राच्या काचेत चिठ्ठी दिसते, सात सेकंद. घाई करू नका, मागे रांग असली तरी असू द्या. ती चिठ्ठी आपली पावती समजा. फरक इतकाच की ती घरी आणायची नाही. एक मात्र आहे, स्थानिक निवडणुकीत ही चिठ्ठीची सोय नसते. तिथे बटण दाबायच्या आधीच दोनदा बघायचं.

गटाच्या बैठकीत एक गोष्ट नेहमी निघते. बायका हळू आवाजात म्हणतात, ‘आमचं मत त्यांना कळतं म्हणे.’ तर ऐका. कोणत्या बाईने कोणतं बटण दाबलं, हे कोणालाच कळत नाही. नवऱ्याला नाही, सरपंचाला नाही, मशीन लावणाऱ्यालाही नाही. पण केंद्रावर एकूण कोणाला किती मतं पडली, तो आकडा जाहीर होतो. मोठ्या गावात त्याने काही बिघडत नाही. आपल्या डोंगरात मात्र केंद्रं लहान असतात. भोर तालुक्यातल्या बुरुडमाळच्या केंद्रावर २०२४ ला जेमतेम चाळीसेक मतदार होते. तिथे कोणी बोटं मोजून अंदाज बांधू शकतो, आणि वाडीला धाक घालणारे याच अंदाजावर धाक घालतात. ‘तुमच्या वाडीने मतं दिली नाहीत, आता रस्ता विसरा’ असं कोणी म्हणालं तर गप्प बसू नका. मतासाठी असा धाक घालणं गुन्हा आहे. मोबाइलवर सी-व्हिजिल नावाचं ॲप आहे. निवडणूक आयोगाच्या लोकसभा-विधानसभेच्या निवडणुका लागल्या की त्यावर फोटो किंवा व्हिडिओ टाकून तक्रार करता येते आणि नाव लपवूनही करता येते. गटातल्या शिकलेल्या पोरीकडून शिकून घ्या.

साडी, पाकीट, जेवणावळी यांचंही तसंच. देणारा तर गुन्हेगार आहेच, मतासाठी घेणाराही कायद्याने गुन्हेगार ठरतो. आम्हाला वाटतं हा कायदा गरिबाच्या बाजूने जरा कडक आहे, पण आहे. लाडक्या बहिणीचे पंधराशे ही वेगळी गोष्ट. ती सरकारी योजना आहे, पैसा सरकारी तिजोरीतला आहे. ‘पैसे घेतलेत, आता मत द्या’ असं कोणी म्हणालं तर विचारा, तुमच्या खिशातून दिलेत का?

उमेदवाराची माहिती काढणं अवघड नाही. अर्ज भरताना प्रत्येकाला शपथपत्र द्यावं लागतं. त्यात जमीन, सोनं, गाड्या, कर्ज, शिक्षण, अंगावरचे गुन्हे, सगळं लिहायचं असतं, बायकोच्या नावावरचंही. ते लोकांना बघायला खुलं असतं. एका गटाने एक छापून आणलं आणि बैठकीत मोठ्याने वाचलं, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळेल. कोणीच पटत नसेल तर २०१३ पासून ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटणही आहे.

आणि बायकांच्या जागेवर उभ्या राहणाऱ्या बाईला फोन करून बघा. फोन कोण उचलतं? पंचायत राजमध्ये आपल्याला निम्म्या जागा मिळून बरीच वर्षं झाली. विधानसभेत मात्र २८८ आमदारांत बायका पंचवीससुद्धा नाहीत. पंचायतीत शिकलेली बाई पुढे जायला हवी, तर आधी तिने सही स्वतः वाचून करायला हवी.

शेवटी यादीचं काम. जिल्हा परिषदेची मतदार यादी विधानसभेच्या यादीवरूनच करतात. म्हणजे तिथे नाव नसेल तर इथेही नाही. घरात नवी सून आली असेल आणि तिचं नाव माहेरच्या यादीत असेल, तर स्थलांतरासाठी आठ नंबरचा अर्ज भरायचा. अठरा पूर्ण झालेल्या आणि नाव कुठेच नसलेल्या पोरीसाठी सहा नंबरचा. दोन्ही अर्ज तहसील कचेरीत किंवा गावच्या बीएलओकडे मिळतात. पुष्कळ गावांत ते आपल्या अंगणवाडी ताईच असतात. या आठवड्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की वही मिटू नका. प्रत्येकीने आपल्या घरातली नावं मोजून सांगा, आणि ज्या सुनेचं नाव नाही तिचे कागद तिथेच गोळा करा.