रांगा, मतपेट्या आणि बहिष्कार



मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या चिमुकल्या देशात २८ मार्च १९८२ रोजी संविधानसभेची निवडणूक झाली. देशात यादवी युद्ध पेटलेले असतानाही मतदान केंद्रांपुढे लांबच लांब रांगा लागल्या. त्या रांगांची चित्रे जगभर दाखवली गेली आणि अमेरिकेच्या रेगन सरकारने हा लोकशाहीचा विजय असल्याची ग्वाही दिली. डाव्या पक्षांच्या लोकशाही क्रांतिकारी आघाडीने मात्र या निवडणुकीवर बहिष्कार टाकला होता. प्रश्न असा की, लोक रांगेत उभे असताना लोकांच्या नावाने लढणारी आघाडी दूर का राहिली?

याचे उत्तर दहा वर्षे मागे जाऊन शोधावे लागते. १९७२ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे होसे नापोलेओन दुआर्ते आणि लोकशाही समाजवादी गियेर्मो उंगो हे अध्यक्ष व उपाध्यक्षपदांसाठी एकत्र उभे होते. मतमोजणीत त्यांचे पारडे जड होत असल्याचे दिसताच निकाल जाहीर करणे थांबले, आणि अखेर लष्कराचा उमेदवार विजयी ठरवण्यात आला. पुढे एका फसलेल्या उठावानंतर दुआर्ते यांना मारहाण करून देशाबाहेर घालवण्यात आले. १९७७ साली पुन्हा तोच प्रकार घडला. निषेधासाठी राजधानीतील चौकात जमलेल्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या.

१९७९ च्या सत्तापालटानंतर उंगो शासनमंडळात सामील झाले. परंतु लष्कर मुलकी सत्तेला जुमानीत नाही, असे दिसताच जानेवारी १९८० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. दोनच महिन्यांनी दुआर्ते त्याच मंडळात शिरले आणि वर्षअखेर त्याचे प्रमुख झाले. जुन्या सहकाऱ्यांच्या वाटा अशा फुटल्या. २४ मार्च १९८० रोजी आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांचा प्रार्थनाविधी चालू असतानाच खून झाला. २७ नोव्हेंबर रोजी आघाडीचे अध्यक्ष एन्रिके आल्वारेझ यांच्यासह सहा नेत्यांना राजधानीतील एका शाळेतून पळवून नेण्यात आले व ठार मारण्यात आले. अशा देशात उमेदवारी अर्ज भरणे म्हणजे मारेकऱ्याला आपला पत्ता कळवणेच होते. बहिष्काराचे कारण एवढे साधे होते.

आणि रांगांचे काय? मतदान सक्तीचे होते. मत दिल्याचा शिक्का ओळखपत्रावर उमटत असे आणि तेच ओळखपत्र रस्तोरस्ती सैनिक तपासत. मतपेट्या पारदर्शक होत्या. दुसऱ्या बाजूने गनिमी सैनिकांनीही मतदानाच्या दिवशी हल्ले केले. या दोन भयांच्या कात्रीतही पुष्कळ माणसे युद्ध संपावे या आशेने स्वेच्छेने आली होती, हेही तितकेच खरे. त्यांची आशा खोटी ठरवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

त्या आशेचे पुढे काय झाले? ६० जागांपैकी दुआर्ते यांच्या पक्षाला २४ मिळाल्या. उरलेल्या ३६ उजव्या पक्षांच्या हाती गेल्या आणि सभेच्या अध्यक्षपदी रोबेर्तो दोब्विसोन बसले. रोमेरो यांच्या हत्येचा आदेश याच गृहस्थांनी दिला होता, असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ साली काढला. कुळांना ते कसत असलेली सात हेक्टरपर्यंतची जमीन देणारा १९८० सालचा कायदा या सभेने मे १९८२ मध्ये अंशतः स्थगित केला. हजारो कुळे जमिनीवरून हुसकली गेली. बहिष्कार टाकणारी आघाडी तेव्हा सभागृहात नव्हती. बहिष्कार न्याय्य होता, पण त्याची किंमत नेत्यांपेक्षा कुळांनीच अधिक मोजली.

उंगो यांना याची जाणीव झाली असावी. युद्ध चालू असतानाच १९८७ साली ते मायदेशी परतले आणि १९८९ साली त्यांनी अध्यक्षपदाची निवडणूक लढवली. त्यांच्या गनिमी मित्रांनी त्या निवडणुकीलाही विरोध केला होता. उंगो यांना अगदी थोडी मते पडली. १९९१ साली त्यांचे निधन झाले. १६ जानेवारी १९९२ रोजी झालेला शांतता करार त्यांना पाहता आला नाही. तोवर या युद्धाने सुमारे ७५,००० बळी घेतले होते.

त्या कराराने लष्कराची संख्या घटवली, बदनाम सुरक्षा दले मोडीत काढली आणि नवे मुलकी पोलीस दल उभारले. १९९४ साली कालचे गनिमी सैनिक उमेदवार म्हणून लोकांपुढे गेले आणि २००९ साली त्यांच्या पक्षाचा उमेदवार अध्यक्ष झाला. मतपेटी १९८२ सालीही होतीच. सत्तेविरुद्ध उभ्या राहणाऱ्याच्या जिवाची हमी तेव्हा नव्हती, आणि ती मिळेपर्यंत दहा वर्षे लोटली.

म्हणून युद्धकाळातील निवडणूक पारखताना रांगेची लांबी मोजून भागत नाही. पराभूत उमेदवार त्या रात्री आपल्या घरी निर्धास्त झोपू शकतो काय, हे आधी विचारले पाहिजे. बहिष्कार टाकणाऱ्यांनीही एक प्रश्न स्वतःला विचारावा: आपल्या रिकाम्या खुर्चीवर उद्या कोण बसणार आणि त्याचा नांगर कोणाच्या शेतावरून फिरणार?