उपनगरातील मोटारीचा रंग

भांडुप-मुलुंडच्या पूर्वेस मिठागरे व खाडी, अंधेरी-बोरिवलीच्या पश्चिमेस समुद्र, आणि मधल्या मुलखात इमारतींच्या पुनर्बांधणीचा अखंड धुरळा, अशा इलाख्यात उघड्यावर राहणाऱ्या मोटारीचा रंग टिकवायचा, तर त्याचा बंदोबस्त पावसाळ्यापूर्वीच करणे इष्ट. कारखान्यात चढविलेले प्रायमर, रंग व वरचे पारदर्शक लॅकर मिळून जाडी जेमतेम एक दशांश मिलिमीटर असते. म्हणूनच पहाटे कोरड्या फडक्याने गाडी झटकण्याचा सोसायट्यांतील सरसकट दस्तूर मला घातक वाटतो, कारण सिमेंट-वाळूचे कण त्या फडक्याखाली कानशीप्रमाणे फिरतात. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहू द्यावी, मग सौम्य शांपू लावावा. चाकांचे फडके निराळे. कावळ्या-कबुतरांची विष्ठा तापलेल्या पत्र्यावर थोड्याच वेळात डाग कोरते. ती ओल्या फडक्याने भिजवावी, खरवडू नये. पर्जन्यवृक्षाखाली सावली मिळते खरी, पण त्यावर पिठ्या ढेकूण असल्यास त्यांचा चिकट स्राव टपावर ठिबकतो. मेणाचा हात दर दोन-तीन महिन्यांनी द्यावा. ओल्या गाडीवर प्लास्टिकचे आच्छादन मात्र घालू नये. कोंडलेल्या दमटपणाने रंगाला फोड येण्याचा संभव असतो, आणि खडा लागून टवका उडालेल्या जागी गंज फैलावतो.