तीन वर्षांच्या प्रेक्षकांसाठी नाटक

मी कोडिंग करणारा माणूस, पण आज नाटकाबद्दल बोलणार आहे. मागच्या डिसेंबरात कामानिमित्त लंडनला होतो. माझी फ्लॅटमेट ड्रामाची विद्यार्थिनी. तिच्या वर्गाला तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी ख्रिसमसचं नाटक करायचं होतं, आणि संहिताच नव्हती. तालमीत सुचेल तसं नाटक उभं करायचं. याला तिकडे 'डिव्हायझिंग' म्हणतात. (आपल्या एकांकिकावाल्यांना हे काही नवीन नाही म्हणा.)

गोष्ट साधी. हरवलेलं रेनडिअरचं पिल्लू घर शोधतंय. पण सगळ्यांचा जीव वादळाच्या सीनमध्ये. पूर्ण ब्लॅकआउट, पत्रा हलवून गडगडाट. मला तर जाम आवडला.

प्रयोगाच्या चार दिवस आधी नर्सरीतली बारा मुलं तालमीला बोलावली. दिवे गेले, एक मुलगी रडायला लागली, आणि बघता बघता निम्मी मुलं टीचरला चिकटली.

त्या रात्री आमच्या किचनमध्ये कडाक्याचं भांडण. एक पोरगा अडूनच बसला, "भीती काढली तर उरतं काय?" त्याचं चूक नव्हतं. पण इतक्या लहान मुलांना ब्लॅकआउट वगैरे कळत नाही हो, त्यांच्यासाठी दिवे खरोखरच गेलेले असतात. तिकडच्या थिएटरांत 'रिलॅक्स्ड परफॉर्मन्स' असतात. त्यात प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण घालवत नाहीत, मुलं उठली-बोलली तरी चालतं. यांनी तेच केलं. दिवे नुसते मंद, आणि वादळ म्हणजे एक लांबलचक पांढरी चादर, मुलांच्याच हातात दिलेली.

प्रयोगात मुलं वादळ थांबवायलाच तयार नाहीत! पिल्लू बिचारं ताटकळत उभं. शेवटी त्या भांडणाऱ्या पोरानेच विंगेतून येऊन हळूच सांगितलं, पिल्लाला झोप आलीये.