भेटवहीतला शेरा



अंगणवाडीत एक भेटवही असते. पर्यवेक्षिका आली की तिनं त्यात शेरा लिहायचा. मी बावीस वर्षं असे शेरे लिहिले, त्यामुळे झोपेतून उठवलंत तरी सांगेन: 'अंगणवाडी वेळेवर सुरू होती. पटावर २८, हजर २१. आहार शिजवलेला आढळला. रजिस्टरे अद्ययावत ठेवावीत.' खाली सही, तारीख. माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडच्या भागात, पंचवीस अंगणवाड्या, त्यातल्या निम्म्या एसटीच्या रस्त्यापासून आत. एका ठिकाणी पाऊण तास मिळाला तरी पुष्कळ. तेवढ्यात वजनाचे तक्ते, धान्याचा साठा, लसीकरणाची यादी, गृहभेटींची नोंद, सगळं पाहायचं. मुलं समोरच्या चटईवर बसलेली असायची. मी आले की हात जोडून 'नमस्ते मॅडम' म्हणायची, आणि मी निघेपर्यंत गप्प.

एकदा माझी सही झाल्यावर एका सेविकाताईंनी विचारलं, "मॅडम, मुलांचं काही बघायचं नव्हतं का?" टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच वाटलं, मी विसरले.

पुढच्या भेटीत मी रजिस्टरं कपाटातच राहू दिली आणि चटईवर बसले. गुडघे कुरकुरले, ते असो. चार वर्षांचा एक मुलगा चिंचोके मांडत होता. मोठे एकीकडे, लहान एकीकडे. ताईंनी विचारलं, "यातले मोठे कुठले रे?" त्यानं मान वर केली, तोंड उघडणार, तोच ताई म्हणाल्या, "हे ना? हो की नाही?" त्यानं मान डोलावली. मग पुढचा प्रश्न. मी मोजत होते. नऊ प्रश्न झाले आणि नऊही उत्तरं ताईंचीच.

मुलं गेल्यावर मी त्यांना हे सांगितलं. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पोरगं गप्प राहिलं की मला धडकी भरते. तुम्हाला वाटेल, मी काही शिकवलंच नाही."

म्हणजे चूक त्यांच्या शिकवण्यात होती तितकीच माझ्या येण्यात होती. आम्ही दोघींनी मिळून एवढंच ठरवलं, की प्रश्न विचारल्यावर ताईंनी मनातल्या मनात पाचपर्यंत आकडे मोजायचे आणि मगच तोंड उघडायचं. महिन्याभरानं गेले तेव्हा तोच मुलगा, तेच चिंचोके. ताईंनी विचारलं आणि थांबल्या. तिसऱ्या-चौथ्या आकड्याला तो म्हणाला, "हे म्हातारे चिंचोके आणि ही त्यांची बाळं." मग कोणतं बाळ कुणाचं, हेही त्यानं सांगितलं. ताई माझ्याकडे बघून अशा हसल्या, की बस.

प्रशिक्षणं आम्हाला कमी नव्हती. तालुक्याच्या सभागृहात खुर्च्या, पुस्तिका, गाणी, शेवटी सामूहिक फोटो. गाणी उपयोगी पडतात, मी नाकारत नाही. पण सभागृहात शिकलेलं चटईवर उतरतं की नाही, हे नंतर कोण बघतं? पोहायला शिकवणारा काठावर उभा राहून पावती पुस्तक तपासत बसला तर चालेल का?

आपल्याकडे लहान मुलांना शिकवण्याचं हे काम ज्यांनी सुरू केलं, त्या काठावर उभ्या नव्हत्या. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांच्या सोबतीनं भावनगरला कामाला सुरुवात केली, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. १९४५ साली त्या बोर्डीला आल्या, तिथं अनुताई वाघ त्यांना मिळाल्या. पुढे १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर काम गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच पाड्यावर नेली, घरापुढच्या अंगणात भरवली. पानं, बिया, शंख-शिंपले हेच साहित्य. अंगणवाडी हा शब्द तिथला आहे, सरकारी फाइलीतला नव्हे.

सरकारी फाइलीत तो आला एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत ती सुरू झाली, त्यात आपल्या मेळघाटातलं धारणी होतं. योजनेत सहा सेवा. पूर्वशालेय शिक्षण त्यातली एक. उरलेल्या पाच आहार-आरोग्याच्या, आणि कुपोषणाच्या भागात त्यांना पहिला मान हवाच. पण सहांची सगळी रजिस्टरं एकाच बाईच्या डोक्यावर, आणि आता हातात मोबाइलही. तिला जे मिळतं त्याला अजून वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, आणि तरी २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविकांना मागण्यांसाठी बेमुदत संपावर जावं लागलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हे वय शिक्षणाचा एकच पायाभूत टप्पा मानला. मग या टप्प्याची पहिली तीन वर्षं सांभाळणारी बाई 'मानधनी' कशी, हे मला कुणी समजावून सांगावं.

माझ्या जागी आता ज्या मुली आल्या आहेत, त्यांना एक विनंती. भेटीतली पहिली वीस मिनिटं चटईवर बसा. काही तपासू नका, नुसतं बघा. ताईंशी त्यावर बोला, आणि मुलांसमोर त्यांची चूक काढू नका. रजिस्टर कुठं पळून जात नाही.

निवृत्तीआधीच्या माझ्या शेवटच्या भेटीत मी त्याच अंगणवाडीच्या वहीत लिहिलं होतं: 'आज मुलं ताईंपेक्षा जास्त बोलली.' नंतर वही तपासणीला वर गेली. परत आली तेव्हा खाली लाल शाईत ओळ होती: 'रजिस्टरांबाबत शेरा नाही. खुलासा करावा.'

तो खुलासा मी आज करते आहे.