दहा फुटांची काठी

व्यासपीठावरचे आदरणीय गुरुजन आणि दहावी २००५ च्या माझ्या सवंगड्यांनो,

‘शाळेनं मला काय दिलं’ यावर बोला, असं संयोजकांनी सांगितलंय. मी एका कडीबद्दल बोलणार आहे.

आठवतं ना? खेळाच्या सरांनी पत्र्याच्या पिंपाची कडी मैदानाच्या कडेच्या लिंबाला ठोकली होती. दहा फुटांची काठी उभी करून, माप घेऊन. बास्केटबॉल आपल्याकडं नव्हताच, जुना व्हॉलीबॉल होता. आपण हसलो की सर सांगायचे, “१८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नाइस्मिथ नावाच्या शिक्षकानं हा खेळ काढला, तेव्हा त्यानंही फळांच्या टोपल्याच ठोकल्या होत्या. दहा फुटांवर.” त्या टोपल्यांना बूड होतं, त्यामुळं चेंडू वरून काढावा लागे. आपला निदान खाली तरी पडायचा!

२०१० ला मी एम.एस्सी.साठी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात गेलो. हे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला, मराठवाडा मुक्तिदिनी स्थापन झालं. म्हणजे वयानं आपल्यापेक्षा धाकटंच. आपल्या जन्मदाखल्यावर परभणी जिल्हा आणि दहावीच्या सनदेवर हिंगोली, तसलाच तो काळ. विद्यापीठ विष्णुपुरीला. जवळच गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आणि गोदावरीवरचा विष्णुपुरी प्रकल्प. त्या जलाशयाच्या काठी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा फार परकं वाटत होतं. मग ध्यानात आलं, येलदरीचं पाणी आपल्या सिद्धेश्वर धरणात येतं, इथून पूर्णेनं गोदावरीला मिळतं आणि पुढं इथंच पोचतं. मी एसटीनं आलो होतो, पाणी नदीनं. मग जरा धीर आला.

तिथं मी पहिल्यांदा खरं बास्केटबॉलचं मैदान बघितलं. २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. पहिल्या संध्याकाळी माझा एकही चेंडू आत गेला नाही. कारण नंतर कळलं. खऱ्या रिंगचा व्यास ४५ सेंटिमीटर, आणि आपली पिंपाची कडी त्याहून चांगलीच रुंद. आपला नेम सरांनी मोठा करून दिला होता! पण उंची मात्र तीच, ३.०५ मीटर, म्हणजे दहा फूट. त्यामुळं महिनाभरात हात बसला.

आता जे सांगायचंय ते जड आहे. आपल्या वर्गात सगळ्यात चांगला नेम माझा नव्हता. ज्याचा होता तो समोर बसलाय, नाव घेत नाही. दहावीनंतर वडील आजारी पडले, घरची हळद त्याच्या अंगावर आली. मी नांदेडला निघालो तेव्हा माझी वळकटी त्यानंच स्टँडपर्यंत नेली. एवढंच म्हणाला, “तिथलं मैदान एकदा दाखव.”

तो एकदा आला. आमचा खेळ चालला होता. मित्रांनी विचारलं, हा कोण? मी म्हणालो, “गावाकडचा एक जण.” तो रेषेबाहेर उभा राहिला. एकदा चेंडू त्याच्याकडं घरंगळत गेला. त्यानं उचलला, सदऱ्याला पुसला आणि माझ्या हातात दिला. “टाक की एकदा,” एवढं मला म्हणता आलं असतं. मी म्हणालो नाही. संध्याकाळच्या गाडीनं तो परत गेला. आजपर्यंत त्यानं ती गोष्ट काढली नाही. म्हणून मीच काढतोय. मित्रा, माझं चुकलं.

मेळाव्याच्या वर्गणीतून शाळेला स्वागत कमान द्यायची, असं चाललंय. माझी विनंती आहे, कमान राहू द्या. दोन खांब, दोन फळ्या, ४५ सेंटिमीटरच्या दोन रिंगा आणि चार-सहा खरे बास्केटबॉल देऊ. लाकडी फरशी नको. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचा अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या मैदानात, भर पावसात झाला होता. चिखलात चेंडू उसळेना. अमेरिकेनं कॅनडाला हरवलं ते १९ विरुद्ध ८ असं. मग आपल्या पोरांना मुरूम पुष्कळ झाला. यातला कुणी उद्या विष्णुपुरीला गेला, तर पहिल्या दिवशी त्याचा चेंडू चुकू नये.

खांब उभे राहतील तेव्हा उंचीचं माप सरांच्या हातून घेऊ. आणि पहिला चेंडू कुणी टाकायचा, ते तुम्हाला कळलंच आहे. मी रेषेबाहेर उभा राहीन.